संत इलियाच्या दिवशी अडलेला बोल्ट

बोल्ट फिरला. वितोमिर गाडीखाली उताणा पडला होता. पान्याला चढवलेला दोन हात लांबीचा पाइप तो छातीकडं ओढत होता, आणि पाइप चांगला चार बोटं सरकला.

"आलास का रे, हरामखोरा!" असं म्हणून त्यानं दम घ्यायला हात सैल केला. पाइप चार बोटं मागं गेला आणि होता तिथं जाऊन बसला.

सकाळपासून हे सहाव्यांदा झालं होतं. बोल्ट फिरत नव्हताच, नुसता पिळत होता. चाकाला धरणारा आर्म गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो तिथं रबराचा बुश बसतो, आणि त्या रबराच्या पोटात लोखंडी नळी असते. त्या नळीतनंच बोल्ट आरपार जातो. आता नळी आणि बोल्ट गंजून एकजीव झाले होते. दोघं मिळून रबराला पीळ घालायचे आणि हात सोडला की रबर त्यांना मायेनं परत घरी आणायचं.

बरं, कापूनही चालणार नव्हतं. बुश शनिवारी मिळाला, बोल्ट मिळाला नाही. "सोमवारी दुपारी या," दुकानदार म्हणाला होता. आणि उद्या, सोमवारी सकाळी सातला, त्याच्या बायकोला, स्तोयांकाला, निश शहरातल्या इस्पितळात यंत्राला जोडायचं होतं. तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडून दोन वर्षं झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चुकवायचं नाही. गेल्या हिवाळ्यात बर्फानं एक खेप चुकली, तर तिसऱ्या दिवशी बाईला श्वास घेता येईना. पेशंट नेणारी सरकारी गाडी आठवडाभर आधी नाव दिल्याशिवाय यायची नाही, आणि गावातली बस नऊला सुटायची. शुक्रवारी परत येताना घळीवरच्या वळणावर पुढचं चाक असं आपटलं, की स्तोयांकानं डोळेच मिटून घेतले. त्या चाकावर परत त्या घळीतनं जायचं म्हणजे मरणाला शेजारी बसवून न्यायचं. म्हणून बोल्ट सुटायला हवा होता, तोही अख्खा.

हे लोखंड त्याला ऐकत नव्हतं याचं वितोमिरला खरं दुःख. एकतीस वर्षं त्यानं रेल्वेच्या रुळांवर काढली होती. उणे वीसमध्ये रुळाचे नट सोडवले होते, भर ऑगस्टमध्ये तापलेल्या खडीवर गुडघे भाजून घेतले होते. अडलेला नट आधी जरा आवळायचा, मग सोडायचा; लोखंडाला आधी त्याच्या मनासारखं करू द्यायचं, मग आपलं ऐकवायचं, हे त्यानं किती पोरांना शिकवलं असेल. आणि इथं चूक त्याची स्वतःचीच होती. रस्त्यावरचं मीठ लागू नये म्हणून खोऱ्यातले सगळे करतात तसं दर शरद ऋतूत तो गाडीच्या पोटाला गरम डांबर फासायचा. आठ वर्षांपूर्वी ऐन पावसाच्या आठवड्यात त्यानं हा बोल्ट कोरडाच ठोकला होता, वर दोन्ही बाजूंनी डांबराचा जाड लेप दिला होता. पाणी बाहेर राहावं म्हणून फासलेल्या डांबरानं पाणी आतच कोंडून ठेवलं होतं.

आता एकच इलाज उरला होता, आग. आणि आज इलियाचा दिवस होता.

चर्चच्या पंचांगात लाल अक्षरात छापलेल्या दिवशी त्या खोऱ्यात कुणी कामाला हात लावत नाही. आणि सगळ्या लाल दिवसांत हा सर्वांत तापट. इलिया म्हणजे विजेचा मालक. या दिवशी गवत कापलं तर गंजी जळते, विस्तव हाताळला तर घर. गॅसचा बर्नर गावात एकाच माणसाकडं, कुंपणापलीकडच्या ब्लागोयेकडं, आणि ब्लागोयेच्या बापाची गंजी याच दिवशी वीज पडून जळाली होती.

वितोमिर गाडीखालून सरपटत निघाला आणि कुंपणाशी गेला. ब्लागोये धुतलेला सदरा घालून अक्रोडाखाली बसला होता, पुढ्यात कोकराचं मटण आणि राकियाची, फळांच्या घरगुती दारूची, बाटली.

"कूम," वितोमिरनं हाक दिली, "बर्नर दे."

कूम म्हणजे लग्नात साक्षीला शेजारी उभा राहिलेला माणूस. त्याचं नातं रक्ताच्या वरचं. त्याला नाही म्हणणं हेही पापच.

ब्लागोयेचा घास तोंडातच थांबला. "आज? येडा झालास का? वर बघ जरा!"

डोंगरामागं ढग खरंच चढत होते, काळे, कडांना पांढरे.

"उद्या तिला न्यायचंय."

"ते मला ठाऊक नाही का? बुधवारी, शुक्रवारी म्हण, स्वतः येऊन फुंकतो. पण आज विस्तव हातात दिला तर... बापाची गंजी मी डोळ्यांनी बघितलीय, वितो. गायीसकट."

"बरं. मग असं कर, तूच घरात जाऊन सांग तिला."

"असं बोलू नकोस."

"मग कसं बोलू?"

ब्लागोयेनं बोटं पुसली. उठला आणि गोठ्याच्या अंगाला गेला. वितोमिर तसाच उभा. पहिला गडगडाट झाला, लांबवर, कुणी रिकामी पिंपं लोळवावीत तसा. ब्लागोये परत आला तो हातात बर्नर आणि गॅसची टाकी घेऊन. ते दोन्ही त्यानं कुंपणाच्या खांबाशी ठेवलं आणि पाठ फिरवली.

"मी काही दिलेलं नाही," तो अक्रोडाकडं बघत म्हणाला. "मी जेवतोय. कुणी चोरून नेलं तर माझा इलाज नाही. चोरी इलियाच्या खात्यात येत नाही, ते दुसऱ्या संताचं बघायचं काम."

"चोरलेलं किती दिवस ठेवू?"

"तोंड बंद ठेव आणि चोर लवकर, माझी बायको बघतीय!"

गाडी रेल्वेच्या रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लिपरांवर चढवलेली होती, त्यामुळे ती घसरायची भीती नव्हती. भीती होती ब्रेकच्या रबरी नळीची. ती बोल्टापासून वीतभरच लांब होती. वितोमिरनं चिंधी भिजवली, पण एका हातात बर्नर, दुसऱ्यात पाना. चिंधी धरायला तिसरा हात कुठून आणायचा?

"सरक," स्तोयांका म्हणाली.

ती घरातून कधी आली त्याला कळलं नाही. सुजलेले पाय, डाव्या दंडावर पट्टी. सणाची पांढरी ओढणी डोक्यावर तशीच होती.

"तू आत जा. धूर होईल."

"काल रात्री मी इलियाला मेणबत्ती लावली. आज त्याच्याच दिवशी गाडी दुरुस्त होतीय, त्याला काय वाईट वाटायचंय? आणि वाटलंच, तर हे काम माझ्या नावावर लिही म्हणावं. माझ्या पापाला आता कितीसे दिवस उरलेत?"

"असं बोललीस तर बर्नर खाली ठेवीन."

"ठेव बघू," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून चाकाशी बसली. हात आत घालून तिनं ओली चिंधी ब्रेकच्या नळीवर दाबली.

निळी ज्योत बुशला लागली. आधी रबर घामेजलं, मग पेटलं. काळा, चिकट धूर गाडीच्या चहूबाजूंनी निघून सरळ वर गेला, सणाच्या दिवशी, सगळ्या गावाला दिसेलसा. रस्त्यावरून कुणी ओरडलं, "वितो, कोकरू करपलं रे!" कुत्री भुंकली. वीज चमकली आणि वितोमिरनं आपोआप मोजायला सुरुवात केली. चारवर गडगडाट झाला.

"दाब नीट," तो म्हणाला.

"दाबतेय. हात भाजतोय."

"मग काढ!"

"तू तुझं बघ."

आतली नळी अंधारात लाल झाली, पिकलेल्या चेरीसारखी. त्यानं बर्नर विझवला, पाना चढवला. आधी आवळायच्या अंगाला, केसभर. मग सोडायच्या. कर्कश किंचाळी आली, लोखंडाची, आणि त्यानं हात सैल केला. पाइप परत गेला नाही. जिथं सोडला तिथंच राहिला.

तो काही बोलला नाही. बोललं की बिघडतं. बोल्टाच्या टोकावर नट दोन आट्यांवर बसवला, म्हणजे हातोडीनं आटे चेपायला नकोत, आणि ठोकायला लागला. एक. दोन. सातव्याला बोटभर सरकला. तेवढ्यात वीज इतक्या जवळ पडली, की मोजायला आकडाच उरला नाही, आणि कुंपणापलीकडं ब्लागोयेच्या ताटांचा खणखणाट झाला.

"अजून जिवंत आहात का?" ब्लागोये ओरडला.

"चोर जिवंत आहे!" स्तोयांकानं उत्तर दिलं.

पंधराव्या घावाला बोल्ट खाली पडला, अख्खा, तपकिरी, कपचे सुटलेला. आटे शाबूत होते. वितोमिरनं तो हातात घ्यायची घाई केली आणि दोन बोटं भाजून घेतली. पाऊस सुरू झाला तेव्हा तो बोटं तोंडात घालून हसत होता.

जुन्या बुशचं कवच करवतीच्या पात्यानं चिरून काढण्यात आणि नवा बुश लांब बोल्टानं ओढून बसवण्यात पाऊस येऊन गेलासुद्धा. जुना बोल्ट तारेच्या ब्रशनं घासला, ग्रीस लावली, या खेपेला सढळ हातानं. आर्म जागेवर गेला. पाना लावला आणि तो थांबला. चाक हवेत लोंबत असताना आवळलं, की नवं रबर जन्मभर पिळलेलंच राहतं, महिन्याभरात फाटतं. त्यानं स्लिपर काढून गाडी चाकांवर उतरवली, चाकांखाली दोन फळ्या सरकवल्या, म्हणजे हात जाईल.

"बस आत," तो स्तोयांकाला म्हणाला.

"आत्ता? कुठं जायचंय?"

"कुठंच नाही. उद्या जेवढं वजन बसणार तेवढं आज बसायला हवं. तुझ्या जागेवर बस."

ती बसली. दार लावलं. गाडी त्या बाजूला जराशी दबली, आणि खाली पडलेल्या वितोमिरनं ते दबणं बघितलं. शुक्रवारपासून तिच्या अंगात साचलेल्या पाण्याचे तीन किलो त्यात होते. इस्पितळातली नर्स दर वेळी काट्यावर मोजते तेच. त्यानं पाइप धरला आणि बोल्ट त्या वजनासकट आवळला, एकदा, आणि थोडा वेळ थांबून परत एकदा.

सकाळी साडेपाचला घळीच्या पहिल्या वळणावर त्यानं वेग कमी केला. खिडकी खाली केली, मान त्या चाकाकडं झुकवली. नदीचा आवाज येत होता. डांबरावर टायरचा आवाज येत होता. बाकी काहीच नाही. दुसऱ्या वळणावरही तो तसाच, मान वाकडी करून.

"ऐकत काय बसलायस?" स्तोयांका म्हणाली. तिचे डोळे उघडे होते. "चालव की. सातला पोचायचंय."