आतनं कसं ठरतं?

काही माणसांचे किस्से जमवावे लागत नाहीत, त्यांना गाडीत घालून फिरवलं की झालं! आमच्या पिरनवाडीच्या ऑफिसातला भरतेश त्यातला. दिवसभर एआयचं काम करतो. तिशी उलटली, लग्न ठरत नाही, आईच्या जिवाला घोर. खोड एकच, खोटं बोलता येत नाही. मुली बघायला जाताना गाडी माझी, म्हणून मी साक्षीदार.

*

पहिलं स्थळ चिकोडीचं. बिनकांद्याचे पोहे खाता खाता मुलीच्या वडिलांनी विचारलं, "तुमचं ते एआय आतनं कसं चालतंय?"

"पूर्ण कुणालाच कळत न्हाय."

"बनवणाऱ्यास्नी बी?"

"न्हाय."

वडिलांनी मला हळूच बाजूला घेतलं. "पोरगा अजून शिकाऊच हाय व्हय?"

नकार!

*

निपाणीला मुलीच्या काकांनी विचारलं, "ते आत विचार कशात करतंय? मराठीत का कन्नडात?"

"आकड्यांत."

"मराठी आकडे का कन्नड?"

मुलीचे मामा कन्नडच्या बाजूचे निघाले. दोघांची अशी जुंपली की दिवस कलला. जैन घर, मावळायच्या आत जेवणं उरकायची. आम्ही जेवलो आणि मुलगी न बघताच परत आलो!

*

हे ऐकून ऑफिसात साहेब वैतागले. "एवढं काय अवघड हाय रं? त्यालाच विचार की!"

विचारलं. एआयनं झकास उत्तर दिलं. भरतेश म्हणाला, "हे खरंच असंल असं न्हाय, सर. स्वतःच्या आतलं त्याला बी नीट ठाऊक नसतंय."

"मग आपल्यातलंच की!" म्हणून साहेब चहाला गेले.

*

बोरगावला निघताना आईनं गाडीत हात जोडले. "ह्या बारीला तेवढं सगळं कळतंय म्हण की रं!" मला लई वाईट वाटलं.

तिथंही मुलीच्या वडिलांनी, आप्पांनी, तोच प्रश्न विचारला. भरतेशनं आईकडं बघितलं. "व्हय, सगळं..." आणि अडकला. "न्हाय हो आप्पा. उत्तर बहुतेक बरोबर येतंय. पण आतनं कसं ठरतंय ते कुणालाच नीट कळत न्हाय."

आईनं पदर तोंडाला लावला. आप्पा "कळवतो" म्हणणार, तोच त्यांची मुलगी सुजाता म्हणाली, "मला पसंत हाय."

आप्पा उडालेच! "एवढी चांगली चांगली स्थळं नाकारलीस! ह्यात काय बघितलंस गं?"

तिनं जरा विचार केला.

"आतनं कसं ठरलं ते सांगता येत न्हाय, आप्पा. पण उत्तर बरोबर हाय."