मखमली सीटची गाडी

त्या गाडीची किंमत ऐकून माझ्या नवऱ्याने हातातला चहा खाली ठेवला. "एवढ्यात नवी कोरी येईल की गं," तो म्हणाला. मुलीने फोनवरूनच निकाल दिला, "आई, दॅट्स इन्सेन." दोघांचंही बरोबर होतं. गाडी चाळीसहून जास्त वर्षांची. पेट्रोल महागलं तेव्हा इथल्या अमेरिकन कंपन्यांनी आपल्या अवाढव्य गाड्या आखूड करून विकायला काढल्या, त्यांतलीच एक. आखूड म्हणायचं ते इथल्याच लोकांनी. आमच्या शॉमबर्गमधल्या घराच्या गॅरेजमध्ये ती मावली असती, पण मग आम्हाला पोट आत घेऊन भिंतीकडेने सरकावं लागलं असतं.

पण हौसेला मोल नसतं, आणि माझी हौस जुनी होती. मी नागपूरहून इथे शिकायला आले, तेव्हा डिपार्टमेंटच्या सेक्रेटरीबाई मला विमानतळावर घ्यायला आल्या होत्या, त्या अशाच गाडीतून. तेव्हाही ती जुनीच होती. बाहेर बर्फ, संध्याकाळ होत आलेली, आणि आत मरून रंगाच्या मखमलीची मागची सीट, मांडीसारखी खोल. गाडी चालत नव्हती, तरंगत होती. रस्त्यावरचे दिवे एकेक करून माझ्या ओढणीवरून सरकत होते. सगळा प्रवास मी रडत काढला होता. त्या सीटवर मात्र अशी झोप लागली की जाग आली तेव्हा गाडी होस्टेलसमोर उभी होती आणि बाई हीटर चालू ठेवून गप्प बसल्या होत्या. किती वेळ बसल्या होत्या, देव जाणे. तशी झोप या देशात मला पुन्हा लागली नाही.

गाडी विकणारे गृहस्थ आमच्यापासून वीस मिनिटांवर राहायचे. ऐंशीच्या आसपासचे, गोरे, मोजकं बोलणारे. नवराबायको आता लहान घरात जाणार होते आणि तिथे गॅरेज नव्हतं. "मी मागे बसून बघू का?" मी विचारलं. गाडी बघायला येऊन मागे बसणारं गिऱ्हाईक त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. पण ते पुढे बसले आणि आम्ही निघालो. ऑफिसांच्या काचेच्या इमारती, तळी, तळ्याकाठची बदकं, सगळं वितळल्यासारखं मागे गेलं. मी डोळे मिटले. पुढून त्यांचा आवाज येत राहिला: छत गळतं, हीटर फक्त डाव्या पायाला लागतो, घड्याळ तर कधी चाललंच नाही. किती सरळ माणूस, मला वाटलं.

तीन शनिवार मी गेले. तिन्ही वेळा मागे बसले.

"निदान भाव तरी कर यार," नवरा म्हणाला. ते माझ्याने होत नाही. माझी आई बाजारात संत्री विकायची. चांगल्या घरच्या बायका तिच्याशी हुज्जत घालायच्या आणि ती खाली मान घालून फळं पुसत राहायची. तेव्हापासून समोरच्याने सांगितलेला भाव मी पाडत नाही. पटला तर द्यायचा, नाहीतर उठायचं. त्यात इथे आपल्याला बघितलं की आता ही घासाघीस करणार, असं धरूनच चालतात लोक. त्याचा तर मला भयंकर राग.

म्हणून तिसऱ्या शनिवारी मी ताठ मानेने सांगितलं, "तुमची किंमत मला मान्य आहे."

त्यांनी मान हलवली. मग खिशातून फडकं काढलं आणि बॉनेट पुसायला लागले. बॉनेट लख्ख होतं. तरी ते एकाच जागी पुसत राहिले, पुसत राहिले.

बायको आतून धावतच आली. माझे दोन्ही हात धरून मला बाजूला नेत हळूच म्हणाली, "थँक गॉड! कुणी घेऊच नये म्हणून त्याने मुद्दाम एवढी किंमत लावली होती. मला माहीत होतं, कुणीतरी येईलच."

तो सरळ माणूस तीन शनिवार मला परतवत होता, आणि मी आपली डोळे मिटून तरंगत होते.

चेक पर्समध्ये लिहून तयार होता. मी पर्स बंद केली आणि त्यांच्यापाशी गेले. "मी पुन्हा विचार केला," मी म्हणाले. "छत गळतं म्हणता. मी एवढेच देईन." आणि मी जो आकडा सांगितला, त्यात त्या गाडीची चार चाकंही आली नसती.

फडकं थांबलं. त्यांनी मान वर केली. "नॉट फॉर सेल," ते म्हणाले, चांगले खणखणीत. "त्या भावात तर नाहीच." आणि किल्ली खिशात टाकली.

"यू पीपल," बायको मागून म्हणाली. "ऑल द सेम."

ते मला लागलं. खूप लागलं. पण मी तशीच जाऊन माझ्या गाडीत बसले. त्या गृहस्थांना गाडीसोबत फार तर आणखी काही आठवडे मिळाले असतील, हे मलाही कळत होतं.

कोपऱ्यावर गाडी थांबवून मी रडले. त्या म्हाताऱ्यासाठी रडले असं सांगायला बरं वाटलं असतं, पण ते खरं नाही. मला ती गाडी हवी होती.