‘वरीलप्रमाणे’चे वैरी

आमच्या आतोबांइतका संशयी माणूस नागपुरात दुसरा झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बाकीचे लोक शेजाऱ्यांवर संशय घेतात, फार तर दूधवाल्यावर. आतोबांचा संशय घडी घातलेल्या आणि गुंडाळलेल्या प्रत्येक गोष्टीवर. आत किती आहे हे कळल्याशिवाय ते काही उघडतच नसत. पत्र आलं की आधी पानं मोजायची, आणि चारच्या वर भरली की आत्याच्या हातात. "तूच वाच वं, मले सार सांग." एकदा खापरखेड्याहून आत्याच्या माहेरचे एक गृहस्थ लग्नाचं आमंत्रण घेऊन आले. "मुलगी म्हणजे आमच्या मावसभावाच्या साळ्याच्या जावयाच्या..." एवढ्यात आतोबांनी बोट वर केलं. "थांबा. मी तीन नात्यायच्या खाली उतरत नाही. मांडव कुठी हाये तेवढं सांगा, येतो." पाहुणे हातातला पोह्यांचा चमचा तसाच धरून बसले आणि आत्याने कपाळाला हात लावला. लग्नाला मात्र आतोबा सगळ्यांच्या आधी हजर, आणि पंगतीत वाढायलाही तेच पुढे!

हा संशय त्यांनी कचेरीतून घरी आणला होता. ऐंशी सालानंतर कधीतरी आमच्या कचेरीत परीक्षांच्या निकालांसाठी कॉम्प्युटर आला. आतोबा त्याचे ऑपरेटर, आणि मी त्याच कचेरीत टेंपररी टायपिस्ट. त्या थंडगार खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. काही जण तर आत शिरताना नमस्कारही करत. प्रत्येक विद्यार्थ्याचं भोकं पाडलेलं एक कार्ड असे. मशीन सगळी कार्डं पोटात घेई आणि मग याद्या छापी. आता आपला कारकून एकच पत्ता दोनदा लिहील तर शपथ! 'वरीलप्रमाणे' हा शब्द त्याच्या बोटांतच असतो. म्हणून प्रोग्रॅम करणाऱ्यांनी सोय करून दिली होती, की पत्ता पुन्हा न लिहिता 'अमुक नंबराच्या कार्डाप्रमाणे' एवढंच घालावं. सगळे खूश झाले. एकटे आतोबा अस्वस्थ.

"बाबू," ते मला म्हणाले, "समज, दोघी जुळ्या बहिणी हायेत. मोठीच्या कार्डावर लिहिलं, पत्ता धाकटीप्रमाणे. धाकटीच्या कार्डावर, पत्ता मोठीप्रमाणे. मशीन काय करीन?"

"चूक म्हणून बाजूला टाकेल."

"टाकत नाही ना गा! हिच्याकडून तिच्याकडं, तिच्याकडून हिच्याकडं फिरतच राहीन. त्याले थांब म्हणणारं कोणी ठेवलंच नाही. दोन कार्डांपायी साऱ्या पोरायचे निकाल अटकतीन."

त्यांनी साहेबांना तीन अर्ज दिले. तिन्ही मीच टाइप केले. साहेब हसले, "अहो, असलं कार्ड लिहिणार कोण?" मग आतोबांनी सरळ स्वतःच भोकं पाडून तशी दोन कार्डं बनवली आणि वरिष्ठांची तपासणी चालू असताना सगळ्यांदेखत मशीनमध्ये घातली. मशीन दिवसभर घुमत राहिलं आणि यादीचा एक कागद काही बाहेर आला नाही. आतोबांचा चेहरा मात्र बोर्डात आल्यासारखा फुलला होता. पुढे चौकशी बसली. मला विचारलं, "कार्डं यांनीच घातली?" मी "हो" म्हणालो. ते खरंच होतं. पण तीन अर्जांच्या कार्बन कॉप्या माझ्या खणात होत्या, त्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. मशीन मुद्दाम बंद पाडल्याचा ठपका ठेवून आतोबांना आवक-जावकमध्ये पाकिटं चिकटवायला बसवलं. मशीनच्या खोलीत पाऊल टाकायची मनाई झाली.

पुढच्याच वर्षी, ऐन निकालाच्या आठवड्यात, मशीन अडलं. फाटकाशी आईबाप उभे, आणि आत साहेबांच्या कपाळावर घाम. शेवटी आतोबांना बोलावणं गेलं. ते हाताचा डिंक धुऊन आले, चपला काढल्या आणि 'प्रमाणे'वाली कार्डं तेवढी वेगळी काढून तासाभरात तीन कार्डं साहेबांपुढे ठेवली. एकाच वसतिगृहातली तीन मुलं; पहिला दुसऱ्याप्रमाणे, दुसरा तिसऱ्याप्रमाणे, तिसरा पहिल्याप्रमाणे. "सुटलो बुवा," साहेब म्हणाले. ठपक्याचं नाव कुणी काढलं नाही, आणि आतोबा परत पाकिटांकडे गेले.

मला राहवलं नाही. त्यांच्या मागोमाग जाऊन म्हणालो, "आतोबा, तुम्ही तरी चौकशीत अर्जांचं का नाही बोललात?"

"बोललो ना. साहेब म्हणे, अर्ज आलेच नाही. मंग चौकशीवाल्यायनं विचारलं, कॉपी कोणापाशी हाये? म्या म्हटलं, कॉपी ठेवलीच नाही."

"पण का?"

"तू टेंपररी होता ना गा."

आणि त्यांनी पुढचं पाकीट ओढलं. त्याच जागेवरून ते निवृत्त झाले. मी पुढे कायम झालो, बढत्या घेतल्या. आता आतोबा नाहीत. त्या कॉप्या मी कधीच कुणाला दाखवल्या नाहीत, आणि त्याची मला आजही लाज वाटते.