झरोक्यातले टॉवेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, जावयाला नाही. बायको हयात असती तर तिला तरी सांगितलं असतं का — ठाऊक नाही. मी खोटं बोललो की माझे कान लाल होतात, असं ती म्हणायची. आता कान बघणारं कुणी नाही, म्हणून तर इतकी वर्षं निभावलं.

तुम्हाला वाटेल, म्हातारा एका कोंबडीवरून एवढा घोळ का घालतोय? घालू द्या थोडा.

मी पशुवैद्य. सगळी नोकरी साताऱ्याकडे गेली, बरीचशी कोंबड्यांच्या शेडमध्ये. शेडमध्ये शिरलो की आधी नाक वापरायचो. डोळ्यांना झोंबणारा वास आला की मालकाला तिथंच झाडायचो — तू जरा इथं बसून दाखव, मग पक्षी का घरघरतात ते मला विचार. माणसं माझा शब्द मानायची. ते मला फार आवडायचं, हेही सांगून टाकतो.

बायको गेल्यावर मुलीनं मला इकडे अमेरिकेत, बॉथेलला आणलं. मुलगी-जावई सकाळीच ऑफिसला, नात इरा शाळेत. घर स्वच्छ, उबदार, आणि — कसं सांगू — दिवसभर फ्रिजच्या आवाजाखेरीज आवाज नाही. मग अकरा वर्षांच्या इरानं कोंबड्या पाळायचा हट्ट धरला. जावई नको म्हणत होता, पण घरातच डॉक्टर आहे म्हटल्यावर त्याचं काही चाललं नाही. मागच्या अंगणात माणूस उभा राहील एवढी लाकडी शेड होती, तिचंच खुराडं केलं. सगळं मी सांगेन तसं — भिंतींना वर दोन झरोके, रात्री बसायला दांडी, खाली लाकडाचा भुसा, अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य आणि अंड्यांची कवचं घट्ट व्हावीत म्हणून वेगळ्या वाडग्यात शिंपल्यांचा चुरा. भुसा दर शनिवारी बदलायचं काम इराचं. माझा शब्द न् शब्द पाळायची पोर. मूठभर मका टाकायचा तरी विचारायची. तिचं इंग्रजी, माझं मराठी, आणि मध्ये कोंबड्या — तेव्हा आमच्यात बोलायला काहीतरी होतं.

मग तिचे क्लास वाढले, मैत्रिणी वाढल्या. त्यात तिचं काय चुकलं? पण मी एकटा पडलो, फार एकटा. शेडमध्ये एक प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली आणि दिवसचे दिवस तिथं बसू लागलो. जाताना उरलेला भात न्यायचो. मग पोळी. मग डब्यातलं फरसाण. आ-आ-आ केलं की सगळ्या धावत यायच्या. मराठीत हाक मारल्यावर धावत येणारं त्या घरात दुसरं होतं कोण?

मला कळत नव्हतं असं समजू नका. भात-पोळीनं पोट भरलं की कोंबडी तिच्या खाद्याला तोंड लावत नाही. खारट खाल्लं की सारखी पाणी पिते, विष्ठा पातळ होते, भुसा ओला राहतो. हे सांगण्याचाच तर मी पगार घेत होतो. अंडी कमी झाली. कवचं इतकी पातळ, की हातात घेताच चिरायची. इरानं विचारलं तेव्हा म्हणालो, थंडीत दिवस लहान होतो, त्यानं होतं असं. तेही खरंच आहे. अर्धं खरं बोलायची मला सवय लागत होती.

आणि झरोके — बघा, अजून मी तिथं यायचं टाळतोय.

इथला हिवाळा म्हणजे सततचा पाऊस आणि ओल. झरोक्यातला वारा नेमका माझ्या मानेवर यायचा. म्हणून मी दोन्ही झरोक्यांत जुने टॉवेल कोंबले. कोंबड्यांसाठी नाही. कोंबडीच्या अंगावर पिसं असतात, तिला थंडी सोसते — कोंडलेली हवा सोसत नाही. मला उठून त्या रिकाम्या घरात जायचं नव्हतं, एवढंच. सुरुवातीला निघताना टॉवेल काढायचो. पुढे कंटाळा केला. वास येत नव्हता का? येत होता. डोळेही चुरचुरत होते.

वॉफल नावाची तपकिरी कोंबडी इराची सगळ्यात लाडकी. ती चोच उघडी टाकून श्वास घ्यायला लागली. एका सकाळी दांडीखाली मरून पडलेली दिसली. पहिला मीच पोचलो होतो. आणि मी काय केलं? आधी टॉवेल काढले. घरात नेऊन मशीनमध्ये टाकले, मशीन सुरू केलं — आणि मग इराला हाक मारली.

सगळी शेडच्या दारात उभी. मुलीनं विचारलं, "आबा, कशानं गेली?"

मी वॉफलला हातात घेतलं, चोच उघडून पाहिली, चिमूटभर भुसा हुंगला. अगदी नोकरीत करायचो तसं. म्हणालो, "भुसा ओला आहे. त्याचा गॅस साठला. वेळेवर बदलला गेला नाही."

आदला शनिवार इरानं मैत्रिणीच्या वाढदिवसात घालवला होता. मला ते माहीत होतं. तिनं आईकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"आबा, वॉज इट मी?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "होतं असं, बाळा."

‘तुझ्यामुळे नाही’ असं म्हणालो नाही. त्या घरात मी फक्त डॉक्टर म्हणून कुणीतरी होतो, ते मला सोडवेना. ते राखायला मी पोरीला पुढे केलं. उरलेल्या कोंबड्या देऊन टाका, असं तिनंच सांगितलं. जावयानं ओळखीच्या एका शेतावर नेऊन दिल्या. ती परत अंगणाच्या त्या कोपऱ्याकडे फिरकली नाही. मी खुर्ची घरात आणली.

आता ती कॉलेजला, दुसऱ्या गावी असते. परवा फोन आला. तिची रूममेट मांजर आणणार होती, हिनं नको म्हणून सांगितलं. मी सहज विचारलं, का गं?

"आबा, आय ॲम नॉट गुड विथ ॲनिमल्स," ती हसत म्हणाली. "तुम्हाला तर माहितीये."

मला माहीत होतं. फोनवर तिच्याखेरीज कुणी नव्हतं, घरातही माझ्याखेरीज कुणी नव्हतं. मी विचारलं, जेवलीस का?