नथू, गाडी वळव

चार माणसं रोज एकाच व्हॅनमधून पेणहून रोह्याला नोकरीला जात असतील आणि रस्त्याचं काम कधीच संपत नसेल, तर किस्से साठणारच. रद्दीसारखे. द्यायला काढले की आपणच वाचत बसतो.

आमच्या बहुतेक किश्श्यांत सुलभाबाई असतात. शाळेत मराठी शिकवतात. रामवाडी मागे पडली की त्यांना हमखास आठवतं, "नथू, गाडी वळव रे. गॅस चालू राहिला."

नथू आमचा ड्रायव्हर, गागोद्याचा. निमूट वळवतो. गॅस बंदच असतो. पण अर्ध्या वाटेतून परतलं की तसंच निघू नये, म्हणून बाई घरात टेकणार, घोटभर पाणी पिणार, मग येणार. मी खाली तळमळत. माझा जीव मुळातच उतावळा. पीटीचे पाटील सर एकदा म्हणाले, "बाई, सिलिंडरच सोबत घेत जा ना."

*

बाईंची एकुलती एक लेक रेवा. ती विमान शिकायला निघाली, तेव्हा बाईंनी तिथल्या सरांना एकच विचारलं, "वर गेल्यावर काही राहिलंसं आठवलं, तर वळता येतं ना?"

सर हसून म्हणाले, "येतं की." बाई निर्धास्त झाल्या.

*

गेल्या हिवाळ्यात वडखळच्या पुढे बाईंचा फोन वाजला. रेवा होती. पहिलंच वाक्य, "आई, मी बरी आहे." असं कोणी आधीच सांगितलं की पुढे काहीतरी असतंच.

ती एकटीच विमान घेऊन उडाली होती. जेमतेम झाडांच्या वर पोचली आणि इंजिन बंद पडलं. विमान समोरच्या शेतात आपटलं. विमानाचं चाक मोडलं, तिचं मनगट मोडलं.

बाई म्हणाल्या, "नथू, गाडी वळव."

त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही. शाळेला कळवलं आणि चौघंही तसेच निघालो, अर्ध्या दिवसाचा रस्ता. बाई रडत नव्हत्या, त्याचीच भीती वाटत होती. मी खिडकीची काच वर करत होतो, खाली करत होतो. शेवटी हँडल हातात आलं. नथू आरशातून बघून म्हणाला, "सर, ते मागं ठेवा. पोरगी फोनवर बोलली ना? मग हाय ती."

*

हॉस्पिटलात बाईंनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "अगं, धावपट्टी मागेच होती ना? मग वळली का नाहीस?"

"वळले असते तर मेले असते, आई. एवढ्या खाली इंजिन गेलं की वळायचं नसतं. वळताना विमान कोसळतं. समोर जे असेल तिथे उतरायचं."

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. आता घरी चल. विमान बास झालं."



*

पेणला भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. एकाने विचारलं, "हॉर्न नव्हता का गो?" शेजारच्या काकू म्हणाल्या, "त्यापेक्षा पोह्याचे पापड कर. बसल्या जागी होतात."

रेवा हसायची. प्लास्टर निघालं आणि तिने बॅग भरली. मायलेकींचं बोलणं बंद झालं. ती निघाली तेव्हा बाई दारापर्यंतसुद्धा आल्या नाहीत. व्हॅनमध्ये मात्र चष्मा सारखा पुसत होत्या.

*

ती पुन्हा एकटी उडणार होती, त्या सकाळी तिचा मेसेज आला होता. 'तू नको म्हणालीस तर नाही उडणार.' बाईंनी उत्तर दिलं नव्हतं. फोन मुठीत धरून बसल्या होत्या. नथूने मला खिडकीपासून लांब बसवलं होतं.

रामवाडी मागे पडली. बाई एकदम ताठ झाल्या. "अगं बाई, दूध गॅसवर राहिलं."

नथूने इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली.

"नको," बाई म्हणाल्या. "सरळ घे."

"बाई, पन गॅस?"

"सरळ घे म्हटलं ना." आणि त्यांनी लेकीला मेसेज केला, 'जा.'

घराची दुसरी चावी काकूंकडे असते. पाटील सर त्यांना फोन लावत राहिले, त्या उचलत नव्हत्या. नागोठण्याला बाईंचा फोन वाजला. त्यांनी तो न बघताच माझ्या हातात दिला. "तुम्हीच वाचा."

मी वाचलं, "आई, उतरले. धावपट्टीवरच."

बाईंनी पदर तोंडाला लावला आणि इतक्या महिन्यांचं रडून घेतलं.

रोहा आलं तेव्हा काकूंचा फोन आला. "सुलभा, अगो पातेल्याचा कोळसा झालाय. आज गॅस खरंच चालू होता!"