मंडई पोस्टपोन

आमच्या जवाहरनगरच्या क्वार्टरात सगळ्यात जास्त झिजलेली वस्तू म्हणजे 'पोस्टपोन' हा शब्द. चहाची गाळणी त्याच्या खालोखाल. मी तो कारखान्यातून घरी आणला. माझी रजा इतक्यांदा पोस्टपोन झाली, की साहेबांच्या टेबलावर पडल्या पडल्या माझ्या अर्जाला पांढरे केस फुटले होते. या डोळ्यांनी पाहिलं. मायला मी अर्थही फोड करून सांगितला होता. कॅन्सल म्हणजे मेलं. पोस्टपोन म्हणजे जित्तं आहे, फक्त आज येणार नाही.

"मंजे तुया मामासारखं," माय म्हणाली. "दरसाली येतो मनते, अन् येत नाही."

मामा म्हणजे तिचा थोरला, एकुलता एक भाऊ. सिहोऱ्याच्या पलीकडे राहायचा. गुडघे गेल्यामुळे त्याला येणं होत नव्हतं, आणि मायला एकटीनं जाणं. तिची आस एवढीच, की भाऊबीज झाली की गावच्या मंडईला जावं, भावाला ओवाळावं, त्याच्याशेजारी बसून रात्रभर दंडार, म्हणजे आमच्याकडचं गाण्या-सोंगांचं नाटक, पाहावी. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव जत्रेसारखी अशी मंडई भरते आणि लेकीबाळी माहेरी येतात. सहा वर्षं माझं उत्तर एकच, "माय, रजा पोस्टपोन झाली."

इतकं फेकलंच आहे, तर एक खरंही सांगून टाकतो. त्या सहा वर्षांत मी अर्ज दोनदाच केला होता. बाकी चार वर्षं मला दोन बसा बदलायचा कंटाळा होता.

सातव्या वर्षी मात्र रजा मंजूर करून आणली. मायनं आठ दिवस आधीच पिशवी भरली. आरतीचं तबक लुगड्यात गुंडाळलं, करंज्यांचा डबा वर ठेवला, आणि येता-जाता पिशवीला हात लावून पाहायची. मंडई दुसऱ्या दिवशी होती. सकाळी मी ड्युटीचे बूट बांधत होतो, तेवढ्यात गावच्या मंडईच्या ग्रुपवर तीन शब्द आले : उद्याची मंडई पोस्टपोन.

मी मायला सांगितलं. तिचा हात पिशवीवरच थांबला.

"कोन गेलं?" तिनं विचारलं.

मी हसलो. "कोनी नाही गेलं, माय. तुले सगळं मरनच दिसते."

"मंग काहून पोस्टपोन झाली?"

मला कारण माहीत नव्हतं. पण माझ्यासारख्या माणसाचं तोंड कारणावाचून कधी अडलं आहे? "दंडारीतल्या राजाचा घसा बसला," मी म्हणालो. "असा बसला का बकरीसारखा बेंबावते. परधानानं हळद-दूध पाजलं तं राजा अजून बिघडला. आता दरबार कोन भरवन?"

माय पदर तोंडाला लावून हसली. डोळ्यात पाणी येईपर्यंत हसली. मग पिशवी खुंटीला टांगून भाकरी थापायला बसली.

कारखान्याच्या गेटवर मोबाईल जमा करावा लागतो. संध्याकाळी परत मिळाला तेव्हा त्यावर मामाच्या पोराचे सतरा कॉल होते. मायचा फोन दिवाळीच्या आधीपासून बंद पडलेला. त्याची दुरुस्तीही मीच पोस्टपोन केली होती.

"भाऊ, चार वाजेपावतर थांबलो आत्यासाठी," मामाचा पोरगा म्हणाला. "मंग मानसं मनाले लागली, दिवस बुडते. नेलं बाबाले."

"मले कोनी सांगतलं काहून नाही?"

"ग्रुपवर आलं होतं ना, भाऊ. आमच्या गावची मंडई आखीन कायनं पोस्टपोन होते? आमाले वाटलं, निघालेच असान तुमी."

खरंच होतं. कारखान्यात पोस्टपोन व्हायला शंभर कारणं. त्या गावात मंडई पाऊस आला तरी भरते, भांडणं झाली तरी भरते. गावात मयत झाली तरच पुढे ढकलतात, आणि मेल्याचं नाव मोबाईलवर लिहीत नाहीत. मायला हे जन्मापासून ठाऊक होतं. तिनं बरोबर विचारलं होतं. तेव्हा निघालो असतो, तर दुपारच्या आत पोचून तिनं भावाचं तोंड पाहिलं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात ओली शेणसड्याची जमीन होती आणि मामाची बाज भिंतीला उभी केली होती. मायनं बाज आडवी करायला लावली. तिच्या पायथ्याशी बसली. तबक पिशवीतून निघालंच नाही. करंज्या तिनं शेजारच्या पोरांना वाटून टाकल्या.

तेरवी झाल्यावर गावानं मंडई घेतली. पोस्टपोनच होती ती. मला वाटलं माय नाही म्हणेल, पण तीच म्हणाली, "चाल." सतरंजीवर आपल्या बाजूला तिनं एका माणसापुरती जागा ठेवली. तिथं मी बसायला गेलो, तर हातानंच मला पलीकडे सरकवलं.

दंडार सुरू झाली. राजा आला. त्याची पहिली हाक अशी, की तलावावरचे बगळे उठले असतील. माय बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

"याचा घसा तं चांगला हाये, बाबू," ती म्हणाली.