फ्रॅटर्निटी म्हणजे भाऊबंदकी!

आमच्या बाररूममधले किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. गरजच पडली नाही! एक सांगायला बसलं की दुसरा आपोआप उठून येतो, आणि तिसऱ्यापर्यंत ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. आज फक्त एका शब्दाचे सांगतो. इंग्रजी शब्द. फ्रॅटर्निटी!

मी तेव्हा महाडच्या कोर्टात वकिलांचा कारकून होतो. इंग्रजी कागदांचा मराठी तर्जुमा करणं हे माझं काम. बाररूम म्हणजे एक कौलारू खोली, दोन बाकं, एक टेबल आणि चार वकील. त्यांतले नानासाहेब सर्वांत ज्येष्ठ. सोवळंओवळं कडक आणि इंग्रजीवर जीव! दाजीसाहेब त्यांच्याहून पाच वर्षांनी धाकटे, पण जिभेनं दहा वर्षांनी थोरले. दोघांचं एका छत्रीवरून बिनसलेलं. समोरासमोर बसून एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायचे.

एके दिवशी जिल्ह्याहून पत्र आलं. जज्जसाहेब भेटीला येत आहेत, ‘लीगल फ्रॅटर्निटी’नं हजर राहावं. आमच्या खोलीत हा शब्द पहिल्यांदाच आलेला! नानांनी डिक्शनरी उघडली. अर्थ तीन निघाले. भावाभावांचं नातं, धर्मपंथातल्या लोकांचा संघ, आणि एकाच धंद्यातली माणसं.

“तिसरा आपला!” नाना हरखून म्हणाले.

दाजी माझ्याकडे वळले. “त्यांना विचार, दुसऱ्याची छत्री नेणारे या तिघांपैकी कुठल्या अर्थात बसतात?”

*

जज्जसाहेबांना मानपत्र द्यायचं ठरलं. इंग्रजी मसुदा नानांचा, मराठी तर्जुमा माझा. शेवटच्या ओळीत तो शब्द होताच. मला ‘बंधुसंघ’ लिहायचं होतं हो! पण शाई संपत आलेली, पट्टेवाला दारात येऊन ‘चला, चला’ करतोय, आणि त्याच सकाळी मी भावाभावांच्या वाटपाच्या तीन दाव्यांचे कागद उतरवलेले. हात त्याच वळणावर गेला.

भर कोर्टात नानांनी खणखणीत आवाजात वाचलं, “आम्हा महाडच्या वकिलांची समस्त भाऊबंदकी आपलं स्वागत करते!”

मग मागच्या पक्षकारांत जी खसखस पिकली! नोकरी गेली असंच वाटलं. जज्जसाहेब मराठीच होते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, नानांकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं आणि म्हणाले, “मूळ मसुद्यापेक्षा तर्जुमाच अचूक दिसतो!”

*

त्यानंतर नाना तो शब्द जिथे तिथे वापरायला लागले. उलटतपासणीतसुद्धा!

पोलादपूरकडच्या डोंगरातल्या वाडीवरचे दोघे भाऊ, धोंडू आणि रघू. बांधावरच्या फणसावरून दावा. रघूचे वकील नाना. त्यांनी धोंडूला पिंजऱ्यात उभं केलं आणि विचारलं, “काय हो, तुम्हा भावांमध्ये फ्रॅटर्निटी आहे की नाही?”

धोंडू गडबडला. त्यानं आधी आपल्या वकिलाकडे पाहिलं, मग भावाकडे संशयानं पाहिलं.

“आमच्या वाटणीत ती आलीच नाय साहेब! आसंल तर या धाकट्यानं लपवून ठेवलेली हाय. तिच्यातबी माजा अर्धा हिस्सा लिवा!”

पण त्या दोघांचं खरं पुढंच आहे. त्याच दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना रघूचा पाय मुरगळला. सुजून हा एवढा झाला. बैलगाडी मिळेना. मी कागद घेऊन बाजाराकडे चाललो होतो, तर समोर काय दिसावं! धोंडूनं भावाला पाठुंगळी घेतलेलं आणि दोघं रस्त्यानं कडाकडा भांडत चाललेले.

“फनस माज्या आज्यानं लावला!”

“तुजा आजा तो माजा कोन रे?”

“गप बस, नायतर टाकीन हितंच!”

“टाक! पन पुढच्या तारखेला ये म्हंजे झालं!”

“येतो ना! तुला घेऊनच येतो!”

आणि आला! पुढच्या तारखेला धोंडूनं खरंच त्याला पाठीवरून आणून नानांच्या बाकावर बसवलं आणि स्वतः समोरच्या बाकावर जाऊन बसला. दावा पुढे दोन वर्षं चालला.

*

बिरवाडीची एक म्हातारी शिमग्याच्या दिवसांत मुलाला दंडाला धरून थेट बाररूममध्ये आली. मुलगा मुंबईच्या गिरणीत. तिकडे कामगारांच्या सभेत सगळे एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणतात, ते याच्या तोंडात बसलेलं. गाडीवाल्याला ब्रदर, वाण्याला ब्रदर!

“वकीलसाहेब, याच्यावर काय कलम लागतंय का बघा!” म्हातारी कडाडली.

दाजींनी विचारलं, “झालं काय?”

“ह्यो आपल्या बापाला बिरादर म्हनला! मी इचारलं, म्हंजे काय रे? तर म्हनतो, भाऊ!” तिनं कमरेवर हात ठेवले. “बाप याचा भाऊ, तर मी याची कोन? भावजय?”

दाजी बाकावर आडवे झाले. नाना मात्र गंभीर. त्यांनी डिक्शनरी उघडून बराच वेळ शोधलं आणि म्हणाले, “यात भावजय नाही.”

*

आता हा शेवटचा.

मार्चमधल्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतरचा तो उन्हाळा. गावात पाण्याचं नाव निघालं तरी माणसं एकमेकांकडे डोळे वटारून बघत. अशात पोलादपूरच्या बाजूचे भिकाजी हवालदार पेन्शनचा अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आले. जातीनं महार, चौदा सालच्या लढाईत जखमींच्या डोल्या उचलणाऱ्या तुकडीत फ्रान्सपर्यंत जाऊन आलेले. तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांनी उंबऱ्याबाहेरून बोलायचं असा रिवाज होता. सांगतानाही लाज वाटते.

आत नाना आणि दाजी यांची त्या शब्दावरूनच, अर्थात माझ्यामार्फत, जुंपली होती. हवालदार बाहेरून म्हणाले, “हा शब्द मी पायलाय. फ्रान्सात सरकारी कचेऱ्यांच्या दारावर तीन शब्द कोरलेले असतात. त्यातला तिसरा.”

नाना चकित! “अर्थ ठाऊक आहे?”

“एका पाद्र्यानं सांगितला व्हता. पन मला तो आधीच कळला व्हता.” हवालदार जरा थांबले. “आपल्याच मुलखातला एक शिपाई चिखलात पडलेला. पोटात गोळी. मी बाटली उघडली, त्यानं माज्या हातून पानी पिलं. कोन, कुठला, कायबी इचारलं नाय.”

“जगला?” दाजींनी विचारलं.

“नाय.”

नाना डिक्शनरी पुढ्यात ओढून म्हणाले, “अर्थ समजला. पण शब्दाचा उपयोग कसा करायचा, तो प्रश्न आहे.”

हवालदारांनी वहाणा काढल्या. उंबरा ओलांडला. माझा टाक हवेतच राहिला! सरळ कोपऱ्यातल्या माठाकडे गेले. माठ नानांचा, घरून भरून आणलेला. त्यांनी झाकण काढलं, पेला बुडवला आणि उभ्यानं सगळा पिऊन टाकला. मग तोच पेला पुन्हा बुडवून काठोकाठ भरला आणि नानांच्या पुढ्यात, डिक्शनरीवर ठेवला.

“हा असा, साहेब.”

दारात दोन पक्षकार येऊन उभे राहिले होते. बातमी संध्याकाळच्या आत गावभर होणार, हे नानांना माझ्याइतकंच कळत होतं. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी दारातल्या माणसांकडे पाहिलं. हवालदारांकडे पाहिलं. पेला उचलला.

घटाघटा प्यायले. उपरण्यानं तोंड पुसलं आणि पेला हवालदारांपुढे धरून म्हणाले,

“फार उकडतंय हो. अजून एक भरा!”